गावात गृहकर्जाचा ब्रोकर नसेल तर?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी ॲरिझोनातील वाळवंटी भागात एका लहान गावी राहतो. दोघांकडेही ग्रीन कार्ड आहे. गावाबाहेरचे एक घर आम्हांला पसंत पडले असून तिथे पाणी विहिरीचे आहे आणि सांडपाण्यासाठी सेप्टिक टँक आहे. गावात बँकेची एकच शाखा आहे, ब्रोकर मात्र एकही नाही. दूरच्या शहरातील ब्रोकरवर विसंबावे का, आणि तो पारखावा कसा?

उत्तर : ब्रोकर तुमच्या गावचा असण्याची गरज नाही, त्याच्याकडे घर ज्या राज्यात आहे तेथील परवाना मात्र असलाच पाहिजे. २००८ च्या ‘सेफ’ कायद्यानुसार गृहकर्जाचे अर्ज घेणाऱ्या व्यक्तीला एनएमएलएस या देशव्यापी परवाना-नोंदणी यंत्रणेचा क्रमांक घ्यावा लागतो. तो मागून घ्या आणि ‘एनएमएलएस कन्झ्युमर ॲक्सेस’ या विनामूल्य संकेतस्थळावर परवाना चालू आहे का, पूर्वी काही कारवाई झाली आहे का, हे पाहा. क्रमांक देण्यास टाळाटाळ करणाऱ्याशी पुढे बोलूच नये.

खरी पारख अनुभवाची आहे. विहीर व सेप्टिक टँक असलेल्या घरांची कर्जे त्याने अलीकडे कोणत्या कर्जसंस्थांकडून मंजूर करून घेतली, हे थेट विचारा. विहीर शेजाऱ्यांसोबत सामायिक असेल, तर पाण्याचा हक्क आणि देखभालीचा खर्च ठरवणारा लेखी करार कर्जसंस्था बहुधा मागते. तो नसल्याचे शेवटच्या आठवड्यात कळले, तर व्यवहार तिथेच अडतो. घर कारखान्यात तयार करून आणलेले असेल, तर ते कायमस्वरूपी पायावर बसवलेले आहे का, यावरही बरेच अवलंबून असते. शिवाय लहान गावात घरांची विक्री कमी होत असल्याने मूल्यांकनासाठी तुलनेजोगे व्यवहार सहज सापडत नाहीत, मूल्यांकनकर्ताही दुरून यावा लागतो. म्हणून खरेदीकरारातच पुरेशी मुदत मागून घ्यावी. अशी घरे हाताळलेला ब्रोकर हे सारे तुम्ही विचारण्याआधीच बोलून दाखवील.

अमेरिकी कृषी खात्याच्या ग्रामीण गृहकर्ज योजनेबद्दलही त्याला विचारा. घर पात्र क्षेत्रात असेल आणि कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर तिच्यात डाउन पेमेंटशिवाय कर्ज मिळू शकते, आणि ग्रीन कार्डधारकांना ती खुली आहे. सगळेच ब्रोकर ही योजना हाताळत नाहीत.

मोबदल्याच्या बाबतीत नियम स्पष्ट आहे : एकाच कर्जावर ब्रोकरला तुमच्याकडून आणि कर्जसंस्थेकडून, असे दोन्हीकडून मानधन घेता येत नाही. अर्ज केल्यावर कामकाजाच्या ३ दिवसांत ‘लोन एस्टिमेट’ हे कर्जाचा व्याजदर व खर्च यांचा अंदाज देणारे तीन पानी पत्रक तुम्हांला पाठवले गेले पाहिजे. अशी पत्रके दोन ब्रोकरांकडून आणि गावातील बँकेकडूनही मागवा, कारण ब्रोकरपेक्षा बँकच स्वस्त पडते असेही घडते. व्याजदर रोज बदलत असल्याने ती शक्यतो एकाच दिवसाची असावीत आणि तुलना करताना व्याजदराइतकेच दुसऱ्या पानावरील खर्चही ताडून पाहावेत. वेगवेगळ्या कर्जसंस्थांनी केलेली पतचौकशी ४५ दिवसांच्या आत झाली, तर ती एकच धरली जाते. त्यामुळे चार ठिकाणी विचारल्याने पतगुण घसरतील, ही भीती बाळगू नये.