प्लग गरम का होतो?

प्रश्न : आमच्या इलेक्ट्रिक कारला सात महिने झाले. घोडबंदर रोडवरील सोसायटीच्या पार्किंगमध्ये आमच्याच मीटरवरून घेतलेल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ती रोज रात्री चार्जिंगला लावतो. ऐरोलीला जाऊन येऊन रोजचे चाळीसेक किलोमीटर होतात. रोज १०० टक्के चार्ज केल्याने बॅटरी लवकर खराब होते, असे शेजारी म्हणतात. ते खरे आहे का? शिवाय सकाळी प्लग काढताना तो चांगलाच गरम लागतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण ‘शिवाय’ म्हणून जे शेवटी लिहिले आहे, तेच आधी घेतो, कारण बॅटरीचे नुकसान व्हायला वर्षे लागतात आणि सॉकेट एका रात्रीत जळू शकतो. गाडीसोबत मिळणारा चार्जर साधारण ३.३ किलोवॅट वीज घेतो, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे १४ अँपिअर. घरचा गिझरही बराच प्रवाह ओढतो, पण तो पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी मात्र तासन् तास ओढत राहते. सॉकेटमागचा स्क्रू किंचित सैल असेल किंवा आतल्या पितळी पट्ट्यांची पकड ढिली झाली असेल, तर तेवढ्याच जागी उष्णता साठते, तिने पकड आणखी ढिली पडते आणि प्लग अधिकच तापतो. प्लग कोमट लागणे साहजिक आहे. मात्र त्याला हात लावून ठेवणे जमत नसेल, भोकांभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडले असेल किंवा जळका वास येत असेल, तर आज रात्रीपासूनच तो सॉकेट वापरू नये.

‘स्क्रू आवळून देतो, चालेल’ म्हणणाऱ्या इलेक्ट्रिशियनचे ऐकू नका. तापून गेलेली पट्टी पुन्हा घट्ट पकडत नाही. सॉकेट नवा आणि औद्योगिक वापराचा घ्यावा, मीटरपासून अंतर लांब असल्याने तांब्याची वायर निदान ४ चौरस मिलिमीटरची असावी, या लाइनला स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच ती तोडणारा स्विच) असावा, आणि अर्थिंग मोजून घ्यावे. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको. पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी साचत असेल, तर सॉकेट कमरेच्या वर, झाकणाच्या पेटीत बसवून घ्यावा.

शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. बॅटरी एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारची असेल, तर ती पूर्ण भरून उन्हात तासन् तास उभी ठेवणे तिला मानवत नाही. रोजच्यासाठी ८० टक्के पुरे, आणि लांबच्या प्रवासाआधी खुशाल १०० करावे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल, तर उलट अधूनमधून पूर्ण भरावीच लागते, नाहीतर किती चार्ज उरला आहे याचा गाडीचा अंदाज चुकू लागतो. आपली कोणती, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. एक मात्र सुचवतो : चाळीस किलोमीटरला सहा-सात युनिट लागतात, म्हणजे दोन-अडीच तासांचे काम; पहाटे सुरू होईल असा टायमर लावल्यास गाडी भरलेल्या अवस्थेत रात्रभर उभी राहणार नाही.

प्रश्न : गणपतीला कोकणात तीन आठवडे राहून आलो, तर गाडीचे दारच उघडेना. निघताना बॅटरी ७० टक्के होती. ती इतकी उतरली कशी?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : गाडी चालवणारी मोठी बॅटरी बहुधा अजून ७० च्या आसपासच असेल. उतरली आहे ती १२ व्होल्टची छोटी बॅटरी. दारे, दिवे आणि गाडी ‘जागी’ करणारी यंत्रणा तिच्यावरच चालते. डॅशकॅमसारखे एखादे उपकरण जोडलेले राहिले असेल, तर तीन आठवडे त्याला पुरेसे आहेत. दार किल्लीच्या आतल्या धातूच्या पात्याने उघडते. ही बॅटरी चार्ज करता किंवा बदलता येते, मात्र बॉनेटखालच्या नारिंगी वायरींना हात लावू नये; त्यांतून मोठ्या बॅटरीचा उच्च दाबाचा प्रवाह जातो. पुढच्या वर्षी निघताना डॅशकॅम काढून ठेवावा.