स्लीप काढा, जॉइन घाला

तुमच्या सी प्रोग्राममध्ये चार थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) एका मोठ्या ॲरेच्या चार तुकड्यांची बेरीज करतात आणि ते संपावेत म्हणून मेनमध्ये शेवटी स्लीप(2), म्हणजे दोन सेकंदांचा थांबा, आहे. घरच्या लॅपटॉपवर उत्तर बरोबर येतं, अंधेरीच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र कधी बरोबर, कधी अर्धवट. म्हणून तुम्ही विचारताय की स्लीप(5) करू का.

नका करू. लॅबमध्ये अख्खा वर्ग एकाच सर्व्हरवर बसला असेल, तर पाच सेकंदही पुरतील याची खात्री नाही. आणि सर्व्हर मोकळा असेल तर काम क्षणात उरकून प्रोग्राम उगाच बसून राहील. शिवाय मेनमधून रिटर्न झालं की अख्खी प्रोसेस जाते आणि तिच्यासोबत चालू असलेले थ्रेडही अर्ध्यात जातात.

पीथ्रेड_जॉइन वापरा, तो दिलेला थ्रेड संपेपर्यंत थांबतो. मात्र दोन वेगळे लूप लिहा: पहिल्यात चारही थ्रेड क्रिएट करायचे, दुसऱ्यात चारही जॉइन करायचे. क्रिएट केल्या केल्या त्याच लूपमध्ये जॉइन केलंत, तर पहिला संपेपर्यंत दुसरा सुरूच होणार नाही. असा कोड सबमिशनमध्ये सर्रास दिसतो, आणि उत्तर बरोबर येत असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

‘पहिलाच थ्रेड सगळ्यांत उशिरा संपला तर?’ काही बिघडत नाही. सीएसएमटीच्या इंडिकेटरखाली चौघांना भेटायचं ठरलं असेल, तर कोण आधी पोचलं याने फरक पडत नाही, चौघे जमले की निघायचं. जे आधीच संपलेत त्यांच्यावरचा जॉइन लगेच परत येतो.

आता जे बहुतेक ट्युटोरियल्स सांगत नाहीत ते. जॉइन नुसता थांबवत नाही. त्या थ्रेडने मेमरीत जे लिहिलं ते जॉइननंतर मेनला दिसेलच, ही हमी पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं मानक) देतं. स्लीप ती देत नाही, मग तुम्ही तासभर का थांबेना. म्हणूनच जॉइननंतर चार बेरजा वाचायला म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लागत नाही. काहीजण व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाचायचा) फ्लॅग ठेवून व्हाइल लूपमध्ये वाट बघतात. सीमध्ये व्होलाटाइल हे थ्रेडमधल्या समन्वयासाठी नाहीच, वर एक कोअर फुकट जळतो.

थ्रेडला लूपमधल्या आय या काउंटरचा पत्ता देऊ नका. थ्रेड वाचायला येईपर्यंत आय पुढे सरकलेला असतो आणि दोन थ्रेड एकाच तुकड्याची बेरीज करतात. लॅबमधल्या चुकीच्या उत्तराला हेही कारण असू शकतं, तेवढं तपासा. प्रत्येकाला स्वतःचं स्ट्रक्ट द्या. त्यात सुरुवात, शेवट आणि बेरीज. लूपमध्ये बेरीज लोकल व्हेरिएबलमध्ये करा आणि शेवटी एकदाच स्ट्रक्टमध्ये टाका. त्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता मात्र रिटर्न करू नका, थ्रेड संपला की त्याचा स्टॅकही गेला.

जॉइनची रिटर्न व्हॅल्यू तपासा. एरर नंबर तिथेच येतो, एररनो या नेहमीच्या व्हेरिएबलमध्ये नाही, त्यामुळे एररनो बघून संदेश छापणारं पी-एरर भलतंच काहीतरी छापेल. एकच थ्रेड दोनदा जॉइन करणं किंवा डिटॅच केलेला (ज्याची वाट बघायची नाही असं ठरवून सोडलेला) जॉइन करणं, दोन्ही अनडिफाइन्ड, म्हणजे काय होईल याची हमी नाही. आणि जॉइनही नाही, डिटॅचही नाही, असा थ्रेड संपला तरी त्याची संसाधनं अडकून राहतात.

‘जो आधी संपेल त्याची वाट बघायची’ अशी सोय पॉझिक्सच्या जॉइनमध्ये नाही. तिथे म्युटेक्स, काउंटर आणि कंडिशन व्हेरिएबल (सिग्नल येईपर्यंत थ्रेडला वेटमध्ये झोपवणारी सोय) लागतं. अट व्हाइलमध्येच तपासा, इफमध्ये नाही, कारण कुणी सिग्नल न देताही वेट जागा होऊ शकतो. तुमच्या असाइनमेंटला याची गरज नाही.

कंपाइल करताना पीथ्रेडचा फ्लॅग द्या. 2021 च्या जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) 2.34 पासून तो नसला तरी सहसा चालून जातं, पण लॅबमधली सिस्टिम जुनी असेल तर लिंकिंगलाच अडकाल.

आणि बदल करण्याआधी एक करा: आत्ताचा स्लीपवाला कोड जीसीसी कंपाइलरचा थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडमधल्या चुका शोधणारी सोय) लावून घरच्या लॅपटॉपवर चालवा. उत्तर बरोबर आलं तरी तो बहुधा डेटा रेस (एक थ्रेड लिहीत असताना दुसऱ्याने समन्वयाशिवाय तीच मेमरी वापरणं) दाखवेल, लाइन नंबरसकट. तो आउटपुट इथे टाका, मग पुढचं बघू.