अमेरिकेचा सेनापती युलिसिस ग्रँट युद्धात एवढा यशस्वी झाला, मग राष्ट्राध्यक्ष म्हणून बदनाम का? आणि मुंबईचा ग्रँट रोड त्याच्याच नावाचा का?

आधी सोपा भाग. मुंबईचा ग्रँट रोड आणि ग्रँट मेडिकल कॉलेज या दोन्हींचा या माणसाशी काहीही संबंध नाही. ती नावं सर रॉबर्ट ग्रँटची. तो १८३५ पासून मुंबईचा गव्हर्नर होता आणि १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला वारला. युलिसिस तेव्हा ओहायोत राहणारा सोळा वर्षांचा पोरगा होता. मुंबईत मात्र तो खरंच येऊन गेला. राष्ट्राध्यक्षपद सुटल्यावर जगप्रवासाला निघाला असताना, फेब्रुवारी १८७९ मध्ये. उतरला होता मलबार पॉइंटच्या गव्हर्नरच्या बंगल्यात.

आता मुख्य प्रश्न. ‘चांगला सेनापती, वाईट राज्यकर्ता’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. मला ते अर्धंच पटतं. राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यानं एक फार मोठं काम केलं, त्याबद्दल खाली लिहितो. आणि जिथे तो घसरला, तिथे प्रत्येक वेळी एकच गोष्ट नडली: सैन्यात त्याला तोंडावर जाब विचारणारा एक माणूस होता, व्हाइट हाउसमध्ये तसा कुणी उरला नाही.

जन्म २७ एप्रिल १८२२. बाप कातडी कमावणारा, आणि मुलाला त्या कामाची किळस. खरं नाव हायरम युलिसिस. वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेसाठी शिफारस करणाऱ्या खासदारानं नाव चुकवून ‘युलिसिस एस.’ असं कळवलं आणि तेच कायमचं चिकटलं. १८४३ मध्ये ३९ जणांत २१वा आला. घोड्यावर मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्याची खरी शाळा म्हणजे १८४६ ते ४८ चं मेक्सिकोचं युद्ध. तिथे त्याच्याकडे पलटणीच्या रसदीचं काम आलं. तंबू, पत्र्याच्या कढया, तंबूचे खांब, सगळं खेचरांच्या पाठीवर बांधायचं. रोज सकाळी लादायलाच काही तास लागत. शेवटचं खेचर लादून होईपर्यंत पहिलं उभं राहून कंटाळलेलं असे. मग एखादं पाठ वाकवून उधळायचं आणि सामान चौफेर फेकायचं. एखादं खाली लोळून ओझं मोडायला बघायचं. ज्याच्या पाठीवर खांब असत ते झाडाच्या एका बाजूनं स्वतः जायचं आणि खांब दुसऱ्या बाजूला अडकवायचं. हे सारं ग्रँटनंच म्हातारपणी लिहून ठेवलंय. पुढची मोठी युद्धं तो का जिंकला याचं उत्तर मला या खेचरांत दिसतं. फौज पुढे सरकते म्हणजे नेमकं काय काय सरकतं, हे त्यानं हातानं करून पाहिलं होतं.

१८५४ मध्ये त्यानं कॅप्टनपदाचा राजीनामा दिला. पुढची सात वर्षं वाईट गेली. सेंट लुईसजवळ शेती केली, ती बुडाली. शहरात लाकूडफाटा विकला. पैशाची चणचण असतानाही १८५९ मध्ये त्यानं आपल्याकडच्या विल्यम जोन्स नावाच्या गुलामाला विकलं नाही, कागद करून मोकळं केलं. १८६० मध्ये इलिनॉयमधल्या गॅलेनाला बापाच्या कातड्याच्या दुकानात कारकुनी. एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं: एकीकडे गुलामी टिकवू पाहणारी, फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं, दुसरीकडे उत्तरेचं केंद्र सरकार. ग्रँट उत्तरेच्या बाजूनं. पुढच्या फेब्रुवारीत दक्षिणेचा डोनेलसनचा किल्ला घेऊन तो देशभर गाजला.

त्याचं काम बघायचं तर व्हिक्सबर्गची मोहीम बघा. हे गाव मिसिसिपी नदीच्या काठी उंच कड्यावर, कड्यावर तोफा, उत्तरेला दलदल. डिसेंबर १८६२ मध्ये ग्रँट रेल्वेच्या आधारानं उत्तरेकडून खाली येत होता. २० तारखेला शत्रूच्या घोडदळानं मागे हॉली स्प्रिंग्जचं कोठार जाळलं आणि मोहीम तिथेच मोडली. पानिपतची हकीकत ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला रसद तुटणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. ग्रँटनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मैल गाड्या पाठवून धान्य आणि चारा गोळा करवला. जे जमलं ते पाहून तो स्वतःच चकित झाला. दोन आठवड्यांऐवजी दोन महिने फौज या मुलखावर जगली असती, असा त्याचा हिशेब निघाला. पराभवातून त्यानं हा आकडा उचलला आणि चार महिन्यांनी वापरला.

मधला काळ कालवे खणण्यात आणि दलदलीतून वाट शोधण्यात गेला. काहीच साधलं नाही. मग १६ एप्रिल १८६३ च्या रात्री ॲडमिरल पोर्टरच्या तोफनौका कड्यावरच्या तोफांच्या माऱ्यातून थेट दक्षिणेला निसटल्या. बोटींच्या अंगाला कापसाचे आणि गवताचे गठ्ठे रचले होते, कडेला कोळशाचे पडाव बांधले होते. फौज पश्चिम काठानं चालत खाली आली आणि ३० एप्रिलला याच बोटींतून ब्रुइन्सबर्गला पूर्व काठावर उतरली.

इथे एक गैरसमज नेहमी दिसतो, की ग्रँटनं रसदीचा रस्ता स्वतःहून पूर्ण तोडला. तसं नाही. मांस, मका, चारा मुलखातून मिळतो. दारूगोळा शेतात उगवत नाही. म्हणून उतरल्याबरोबर त्यानं आसपासच्या मळ्यांवरचं चाक असलेलं प्रत्येक वाहन आणवलं. बड्या घरच्या नक्षीदार बग्ग्या आणि लांबलचक बैलगाड्या, एकाच रांगेत. जुंपायला घोडे, खेचरं, बैल, जे मिळेल ते. लगामाच्या जागी दोऱ्या. त्या बग्ग्यांवर काडतुसांच्या पेट्या लादल्या. नदीवरच्या तळावरून पुढे पाठवायचं ते एवढंच: दारूगोळा, कडक बिस्किटं, कॉफी आणि मीठ. १ ते १७ मे या सतरा दिवसांत पाच लढाया जिंकून तो व्हिक्सबर्गच्या भिंतीशी पोचला. मग घाई केली. १९ आणि २२ मेचे दोन्ही हल्ले फसले, एकट्या २२ तारखेला तीन हजारांवर माणसं पडली किंवा जखमी झाली. शेवटी वेढा. ४ जुलैला गाव शरण आलं, सुमारे २९,५०० सैनिक हाती लागले.

जाब विचारणारा माणूस म्हणालो, तो याच मोहिमेत त्याच्याबरोबर होता. जॉन रॉलिन्स. गॅलेनाचा वकील, कोळसे विकून वर आलेला, बापाच्या दारूपायी घराचे हाल पाहिलेला. ग्रँटच्या पिण्याबद्दल अफवा खूप आहेत आणि त्यातल्या बऱ्याच फुगवलेल्या आहेत. पण धोका होता हे खरं. वेढा चालू असताना ६ जून १८६३ ला मध्यरात्री एक वाजता रॉलिन्सनं आपल्याच सेनापतीला पत्र लिहिलं: तंबूसमोर दारूची पेटी दिसली, हे थांबवा, नाहीतर मला कामातून मोकळं करा. ग्रँटनं त्याला काढलं नाही. ठेवून घेतलं, बढती दिली. तंबूत कुणाला सोडायचं, कुठला कागद पुढे जाऊ द्यायचा, यावर रॉलिन्सची नजर असे. अर्थात ही नजरही दर वेळी पुरली नाही. डिसेंबर १८६२ मध्ये कापसाच्या दलालांवर चिडून ग्रँटनं आपल्या हद्दीतून सरसकट सगळ्या ज्यूंना हाकलण्याचा हुकूम काढला. लिंकननं तो रद्द करायला लावला. आयुष्यभर लाज वाटावी असाच तो कागद होता.

१८६४ मध्ये सगळ्या सैन्याची सूत्रं हाती आली. कोल्ड हार्बरचा ३ जूनचा हल्ला व्यर्थ होता, हे त्यानं स्वतः कबूल केलंय. ‘कसाई’ म्हणून शिव्या खाल्ल्या, पण दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याला पीटर्सबर्गला जखडून ठेवलं ते पुन्हा रसदीच्या जोरावर. सिटी पॉइंटच्या तळावरची भटारखाना-भट्टी रोज सुमारे एक लाख शिधे भरतील एवढा पाव भाजत होती. ९ एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्सला लीनं शरणागती दिली. ग्रँटच्या अटी अशा: अधिकाऱ्यांनी कमरेची शस्त्रं ठेवावीत, ज्याचा स्वतःचा घोडा किंवा खेचर आहे त्यानं ते पेरणीसाठी घरी न्यावं. लीच्या उपाशी माणसांना २५,००० शिधे लगेच धाडले. ग्रँटचं पत्र घेऊन लीकडे गेलेला अधिकारी होता ऑर्व्हिल बॅबकॉक. हे नाव लक्षात ठेवा.

४ मार्च १८६९ ला ग्रँट राष्ट्राध्यक्ष झाला, वय ४६. त्याआधी एकही निवडणूक लढवलेली नव्हती. रॉलिन्सला त्यानं युद्धमंत्री केलं. पण त्याला क्षय होता. ६ सप्टेंबरला तो गेला.

पुढे काय झालं ते तारखांनिशी बघा. बरोबर अठरा दिवसांनी, २४ सप्टेंबर १८६९, न्यूयॉर्कच्या सोन्याच्या बाजारात हाहाकार. जे गूल्ड आणि जिम फिस्क यांनी सोनं दाबून ठेवलं होतं. सरकारी तिजोरी दर महिन्याला सोनं विकायची, ती विक्री थांबली तरच त्यांचा डाव साधणार. म्हणून त्यांनी ग्रँटचा मेव्हणा कॉर्बिन हाताशी धरला. सोनं महाग झालं की शेतकऱ्याच्या निर्यातीला भाव मिळतो, हे त्याच्याकरवी ग्रँटच्या कानावर घालत राहिले. ग्रँटला संशय आला होताच. २४ तारखेला भाव १६० च्या पुढे गेला, म्हणजे शंभर डॉलरच्या सोन्याला १६० कागदी डॉलर. त्यानं चाळीस लाख डॉलरचं सोनं विकायचा हुकूम दिला आणि काही मिनिटांत भाव कोसळला. हुकूम योग्य होता. फक्त मेव्हण्याला आणि गूल्डला दारातच अडवणारा माणूस हवा होता.

रॉलिन्सच्या खुर्चीवर आला विल्यम बेल्कनॅप. फोर्ट सिलच्या छावणीतल्या दुकानदाराला आपलं दुकान टिकवण्यासाठी एका दलालाला वर्षाला १२,००० डॉलर द्यावे लागत. त्यातले निम्मे, तीन-तीन महिन्यांनी, बेल्कनॅपच्या घरी पोचत. दुकानदार ते पैसे शिपायांना महाग माल विकून वसूल करी. २ मार्च १८७६ च्या सकाळी बेल्कनॅप रडत आला, ग्रँटनं तिथल्या तिथे राजीनामा स्वीकारला. त्या घाईमुळेच तो पुढे सुटला. आता तो मंत्री नाही, मग महाभियोग कसला, असं म्हणत पुरेशा सेनेटरांनी दोषी ठरवायला नकार दिला.

व्हिस्कीचा घोटाळा याहून मोठा. दारूवर गॅलनला ७० सेंट कर होता. सेंट लुईसचे भट्टीवाले निघालेल्या मालापेक्षा कमी माल लिहून घेत, मोजणारे सरकारी कारकून गप्प राहत, वाचलेला कर वाटून घेतला जाई. अर्थमंत्री ब्रिस्टोनं हे पकडलं ते साध्या जुळणीनं: रेल्वेनं आणि बोटीनं किती दारू शहराबाहेर गेली ते आकडे काढले आणि कर भरलेल्या मालाशी ताडून पाहिले. मे १८७५ मध्ये धाडी पडल्या. ‘एकही दोषी सुटता कामा नये,’ असा शेरा ग्रँटनं स्वतः लिहिला. तपास बॅबकॉकपर्यंत आला. तो आता ग्रँटचा खाजगी सचिव होता आणि ‘सिल्फ’ या नावानं टोळीला तारा करत होता. तेव्हा त्याच ग्रँटनं त्याच्या बाजूनं शपथेवर जबानी दिली, आणि बॅबकॉक निर्दोष सुटला. रणात गोळ्यांखाली उभा राहिलेला माणूस पैसे खाईल, हे ग्रँटच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

आता ते मोठं काम. दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन हा गोऱ्यांचा गुप्त गट गुलामीतून मुक्त झालेल्या काळ्या मतदारांना चाबकानं फोडून काढत होता, ठार मारत होता. स्थानिक कोर्टात खटला टिकत नसे, कारण साक्षीदार घाबरलेले आणि पंचांत क्लॅनचीच माणसं. ग्रँटच्या काळात १८७० मध्ये केंद्राचं न्याय खातं उभं राहिलं, एप्रिल १८७१ मध्ये क्लॅनविरोधी कायदा झाला. साउथ कॅरोलायनात मेजर मेरिलनं कित्येक महिने एकेका हल्ल्याची नोंद केली. १२ ऑक्टोबरला ग्रँटनं पाच दिवसांची मुदत दिली, १७ ला नऊ काउंट्यांत (जिल्ह्यांत) हेबिअस कॉर्पस, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा हक्क, स्थगित केला, आणि घोडदळानं यादीप्रमाणे शेकडो लोक उचलले. खटले केंद्राच्या कोर्टात चालले. कित्येकांनी आपणहून कबुली दिली. क्लॅन मोडला. हे काम त्याला जमलं, कारण इथे शत्रू, कायदा आणि फौज तिन्ही समोर होते.

माझ्या मते ग्रँटचं खरं अपयश घोटाळ्यांपेक्षा १८७५ चं आहे. मिसिसिपीचा गव्हर्नर एम्स सैन्य मागत होता, मतदारांना दिवसाढवळ्या धमकावलं जात होतं. मंदीनं आणि घोटाळ्यांनी पक्ष खचला होता, उत्तरेतला मतदार दक्षिणेच्या रडगाण्याला कंटाळला होता. सैन्य वेळेवर गेलं नाही. तिथल्या काळ्या नागरिकांनी त्याची किंमत पुढे पिढ्यानपिढ्या मोजली.

पद सोडल्यावरही कागद न वाचता सही करायची सवय गेली नाही. न्यूयॉर्कमध्ये फर्डिनंड वॉर्ड नावाच्या तरुणाबरोबर पेढी काढली. वॉर्ड एकच रोखे अनेक ठिकाणी गहाण टाकून कर्ज काढत होता. मे १८८४ मध्ये पेढी बुडाली. दोन दिवस आधीच ग्रँटनं व्हँडरबिल्टकडून दीड लाख डॉलर हातउसने आणून त्यात घातले होते. त्या कर्जापोटी त्यानं आपल्या तलवारीसुद्धा देऊन टाकल्या. राष्ट्राध्यक्षाला तेव्हा पेन्शन नव्हतं. त्याच वर्षी घशाचा कर्करोग निघाला.

मग त्यानं आठवणी लिहायला घेतल्या. प्रकाशक दहा टक्के देऊ करत होता. मार्क ट्वेननं निव्वळ नफ्याचे सत्तर टक्के देऊ केले. या खेपेला ग्रँटनं प्रस्ताव आधी एका मित्राकडून तपासून घेतले आणि मगच सही केली. आवाज गेल्यावर तो चिठ्ठ्यांवर लिहून बोलायचा. पुस्तक पुरं झालं आणि काहीच दिवसांत, २३ जुलै १८८५ ला, माउंट मॅकग्रेगरवर तो गेला. पुढच्या फेब्रुवारीत बायकोच्या, ज्युलियाच्या, हाती पहिला धनादेश पडला: दोन लाख डॉलर.