कॉलेजात क्लीनरूम नाही, तरी मेम्सवर पीएचडी जमेल का?

जमेल. मेम्स (चिपसारखी बनवलेली, हलत्या भागांची अतिसूक्ष्म यंत्रं) बनवायला क्लीनरूम, म्हणजे धूळमुक्त लॅब लागते, पण ती स्वतःची नाही म्हणून काही अडत नाही. २००८ पासून केंद्र सरकारच्या पैशावर चालणारा आयएनयूपी नावाचा प्रोग्राम आहे, त्यातून आयआयटी बॉम्बे आणि बंगळुरूच्या आयआयएससीची लॅब बाहेरच्या रिसर्चवाल्यांनाही वापरता येते, आधी वर्कशॉप, मग हँड्स-ऑन ट्रेनिंग, मग प्रपोजल पास झालं की तुमचं डिव्हाइस बनवायचं (पवईचं ट्रेनिंग मी केलंय म्हणून सांगतोय). तिथलंच एक काम बघा: एसयू-८ नावाच्या पॉलिमरची एका टोकाला धरलेली पट्टी, जाडीला केसाहून कितीतरी कमी, तिच्यावर स्फोटकाचे रेणू चिकटले की ती किंचित वाकते, आत पुरलेल्या रेझिस्टरवर ताण येतो आणि रेझिस्टन्स बदलतो, बास तेवढंच मोजायचं.

फक्त वेळेचा हिशोब ऐसपैस धरा. सिम्युलेशन आपल्या कॉम्प्युटरवर होऊन जातं, सगळ्यांची खरी वाट लागते ती शेवटच्या पायरीला, म्हणजे पट्टीखालचा थर एच करून (विरघळवून काढून) ती मोकळी केली की धुतलेलं पाणी वाळताना पृष्ठताणामुळे पट्टी खाली ओढली जाते आणि वेफरला (ज्या चकतीवर ती बनवली तिला) चिकटते, आणि एकदा चिकटली की बहुतेक वेळा गेलीच. म्हणून नुसतं हवेवर न वाळवता कार्बन डायऑक्साइडच्या क्रिटिकल पॉइंट ड्रायरमध्ये (पृष्ठताण येऊच न देता वाळवणाऱ्या मशीनमध्ये) वाळवतात, तेव्हा प्रपोजलमध्ये त्या मशीनचे स्लॉट आधीच मागून ठेवा, गाइड नको म्हणाले तरी.