कॉल आपल्याच पुढच्या ओळीवर का जातोय?

प्रश्न: हॅलो वर्ल्डचा छोटा सी प्रोग्राम लिनक्सवर जीसीसी मायनस सी देऊन कंपाईल केला, मग ऑब्जेक्ट फाईलवर (कंपाईल झालेला, पण अजून पूर्ण प्रोग्राम न बनलेला तुकडा) ऑब्जडंप मायनस डी चालवलं, म्हणजे आतला मशीन कोड वाचता येईल असा दाखवणारं टूल. असेंब्ली आली, पण कॉल (दुसरं फंक्शन चालवायला सांगणारी इन्स्ट्रक्शन) चक्क मेनच्याच आतल्या पुढच्या ओळीकडे बोट दाखवतोय आणि प्रिंटएफचा तर पत्ताच नाही. फाईल गंडलीय का?

उत्तर: नाही हो, फाईल ठणठणीत आहे. डाव्या बाजूचे बाइट बघा, ई८ आणि पुढे चार वेळा ००. ई८ म्हणजे कॉल, आणि ते चार शून्य बाइट म्हणजे मोकळी सोडलेली जागा, कारण फंक्शन कुठे बसणार हे लिंकर (सगळे तुकडे जोडून पूर्ण प्रोग्राम बनवणारा) ठरवतो आणि तो अजून आलेलाच नाही. त्या जागेत फंक्शनपर्यंतचं अंतर भरतात आणि ते पुढच्या इन्स्ट्रक्शनपासून मोजतात, म्हणून शून्य अंतर म्हणजे पुढचीच ओळ, बिचारं ऑब्जडंप जे दिसतं ते छापतं. आता मायनस डीआर देऊन बघा, कॉलखाली रिलोकेशनची ओळ (इथे कोणाचा पत्ता भरायचा ही लिंकरसाठीची नोंद) येईल आणि तिथे खरं नाव सापडेल. बहुतेक पुट्स (स्ट्रिंग छापून शेवटी न्यूलाइन देणारं साधं फंक्शन) असेल, प्रिंटएफ नाही! साधी स्ट्रिंग आणि शेवटी न्यूलाइन असली की जीसीसी परस्पर बदलून टाकतो, मीपण पहिल्यांदा डोकं खाजवत बसलो होतो.

आणि असेंब्लीतले ते टक्क्याचं चिन्ह लावलेले रजिस्टर (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवण जागा) डोळ्यांना खुपत असतील तर ऑब्जडंपला मायनस कॅपिटल एम इंटेल द्या, म्हणजे असेंब्ली इंटेलच्या पद्धतीने दिसेल, मला तरी तेच वाचायला सोपं जातं.