मागची बाजू

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चार पानांत तू प्रश्न एकच विचारला आहेस, तोही तीनदा: कातड्यात शिवणीची भोकं पाडायचे नवे महागडे दातेरी पंच घेऊ की नको? सोबत तू कातड्याचं शिवलेल्या कार्डाच्या पाकिटाचे सहा फोटो आहेत. सहाही पुढून काढलेले.

आपल्या कातडंकामवाल्यांच्या बैठकीतही हेच झालं. पाकीट हातोहात फिरलं, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि तुझ्याकडे परत आलं तसं तू ते अलगद सुलटं करून टेबलावर ठेवलंस. पहिल्यापासून सुलटंच होतं, तरी तू एकदा खात्री करून घेतलीस. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. त्या रात्री घरी जाऊन तू लिहितोस की सगळ्यांना आवडलं, तरी मला ते बरोबर वाटत नाही, आणि का ते कळत नाही. अरे, तुला कळतंय. मागची बाजू उलटून बघायचा धीर होत नाहीये, एवढंच.

म्हणून आधी उत्तर: पंच घेऊ नकोस. तुझ्याकडचे, दातांत 4 मिलिमीटर अंतर असलेले पंच पुरेसे आहेत. आता कारणं.

आपली मंडळी मायाळू आहेत, यात शंका नाही. कुणी तुला उरलेल्या कातड्याचे तुकडे दिले, कुणी मेणाची वडी दिली, आणि सल्ले तर पोतंभर. एक म्हणतो लिननचा दोरा वापर, दुसरा म्हणतो पॉलिएस्टरच. एक म्हणतो 3 मिलिमीटरचे पंच, दुसरी म्हणते 3.38. तू गोंधळलास यात नवल नाही. प्रत्येकाने आपल्या हाताला जे जमलं ते सांगितलं. आणि सगळ्यांनी बघितली फक्त पुढची बाजू. पुढची बाजू बघून शिवणीचं निदान करणं म्हणजे चेहरा बघून पोटदुखी ओळखणं. मागची बाजू दाखवली असतीस, तर निम्मे सल्ले मिळालेच नसते आणि उरलेले कामाचे निघाले असते.

दोन सुयांच्या शिवणीत दोरा एकच असतो आणि तो प्रत्येक भोकातून दोनदा जातो. म्हणजे निम्मा दोरा मागे दिसतो. शिवणीचा निम्मा भार त्याच्यावर असतो. मागची बाजू म्हणजे अस्तर नव्हे, ती अर्धी शिवण आहे. आणि पट्टा असेल, तर अंगाला आणि कपड्याला घासते ती तीच. मागे सैल, उंच राहिलेला टाका आधी झिजतो.

पाकीट माझ्या हातात आलं होतं तेव्हा मी ते उलटलं. (तू दुसरीकडे बघत होतास.) तीन गोष्टी दिसल्या.

पहिली: पुढे कडेपासून 3 मिलिमीटरवर सरळ चालणारी रेघ मागे कडेकडे सरकत गेली आहे आणि दर पाच-सहा भोकांनी उडी मारते. दर पाच-सहा भोकांनी का? कारण तुझ्या पंचाला सहा दात आहेत. प्रत्येक घावाला पंच वेगळा कलला. हिशेब करून बघ. 1.2 मिलिमीटरचे दोन थर म्हणजे 2.4 जाडी. पंच दहा अंश कलला, तर मागे रेघ जवळजवळ 0.4 मिलिमीटर सरकते. पाकिटात हे खपतं. पण तुला पुढे पट्टा करायचाय. 3.5 चे दोन थर, जाडी 7. तेच दहा अंश, आणि रेघ सव्वा मिलिमीटर सरकणार. 3 मिलिमीटरच्या कडेतले पावणेदोन उरतात, तिथे ताण आला की भोकापासून कडेपर्यंत कातडं फाटतं. नवा पंच घेऊन हा कल जाणार नाही. तो पंचात नाही, मनगटात आहे.

उपाय: शिवणीची रेघ तुझ्या पोटापासून समोर जाईल अशी वस्तू ठेव, आडवी ठेवू नकोस. आडवी ठेवलीस की पंच डावी-उजवीकडे कललेला दिसतो, पण मागे-पुढे कललेला दिसत नाही, आणि रेघ बिघडवणारा कल नेमका तोच. पंचाशेजारी छोटा गुण्या (काटकोन) उभा कर. पहिला घाव हलका, नुसती खूण उमटेल इतका. मग थांबून बघ, मग पुरता मार. खाली कडक रबराचा किंवा प्लास्टिकचा जाड ठोकळा हवा. मऊ काही घेतलंस तर घाव बसताना कातडं खाली दबतं, भोकं वाकडी जातात आणि मागे कातड्याचा पापुद्रा फुटून बाहेर येतो. मोगरी लाकडाची किंवा नायलॉनची घे. लोखंडी हातोडीने पंचाचं डोकं पसरतं.

पंच अडकला तर हलवून हलवून काढू नकोस. तसं करून भोकं लांबट होतात, आणि तुझ्या पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात झालीही आहेत. दातांना आधी मेण लाव, दुसऱ्या हाताने कातडं दाबून धर आणि पंच सरळ वर ओढ. पुढच्या घावाला पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात बसव म्हणजे अंतर चुकत नाही. कोपऱ्याला आलास की सहा दातांचा पंच बाजूला ठेवून दोन दातांचा घे. शेवटचं अंतर अर्धवट उरत असेल, तर ते एकाच टाक्यावर लादू नकोस. आधीच्या सात-आठ खुणांमध्ये केसभर केसभर वाटून टाक.

जाड कामात पंच आरपार मारायचाच नाही. दात वर रुंद आणि टोकाला निमुळते असतात. खोल घातलास की पुढची भोकं मोठी होतात, आणि मागची तरीही लहानच राहतात. पंचाने खूण आणि निम्मं भोक, उरलेलं आरीने, म्हणजे मुठीच्या टोच्याने. आरी शंकरपाळ्याच्या आकाराच्या पात्याची, धार लावलेली, आणि पातं भोकाच्या तिरकस चिरेशी जुळवून. आरी चालवायला वेळ लागतो म्हणून लोक टाळतात. पण तिचं टोक मागच्या रेघेवर निघतंय की नाही हे दर टाक्याला कळतं, आणि पंचाने ते सहा भोकं झाल्यावरच कळतं.

दुसरी गोष्ट, तुला सर्वात जास्त खुपणारी, तिचं नाव तुला सापडत नव्हतं: टाक्यांचा कल. पुढे सगळे टाके एकाच बाजूला झुकलेले. मागे मात्र चार झुकलेले, दोन आडवे सरळ, पुन्हा तीन झुकलेले. याला दोऱ्याचा दोष लावला गेला. दोऱ्याचा काहीही संबंध नाही. तू मध्येच सुयांचा क्रम बदललास. फोन वाजला असेल, नाहीतर दोरा गुंतला असेल.

क्रम कोणता हे मी सांगणार नाही, कारण पुष्कळ क्रम चालतात. डावी आधी की उजवी, काहीही ठरव, पण पहिल्या भोकात जे केलंस तेच शेवटच्या भोकापर्यंत. पहिली सुई आरपार काढलीस की तिचा दोरा भोकाच्या एका टोकाला ओढून धर. प्रत्येक वेळी त्याच टोकाला. दुसरी सुई उरलेल्या जागेतून घाल. आवळण्याआधी पहिला दोरा जरा मागे ओढून बघ. मोकळा सरकला तर ठीक. अडला तर दुसरी सुई त्याच्या पिळातून गेली आहे, परत काढ. दोरा टोचून पुढे गेलास, तर तो टाका पुन्हा कधी आवळता येत नाही आणि उसवायची वेळ आली की दोरा कापावा लागतो. त्यासाठी सुया बोथट टोकाच्या हव्यात. तुझ्या टोकदार आहेत, कपडे शिवायच्या. त्या बदल. बदलायचं म्हणून काही असेल तर त्या सुया, पंच नव्हे.

मागचा कल पुढच्यासारखा हवा असेल, तर दुसरी सुई पूर्ण ओढण्याआधी मागच्या दोऱ्याचा फेरा तिच्यावरून एकदा टाकायचा. टाकलास तर सगळ्या भोकांत टाक, नाहीतर एकातही नको. मागे सरळ टाके आले तर ती चूक नाही, पद्धत आहे. मिसळ आली तर चूक.

तिसरी गोष्ट ताण. मागे काही टाके कातड्यात रुतले आहेत आणि काही उंच आहेत. उजव्या हाताचं माणूस उजवीकडून जास्त ओढतं, हे सगळ्यांचंच होतं. दोन्ही हातांनी एकाच वेळी, एकाच कोनात, कातडं चुरगळायच्या आधी थांबायचं. आणि 4 मिलिमीटरच्या भोकांना 0.8 चा दोरा पुरे. तू 1 मिलिमीटरचा वापरलास, म्हणून टाके एकमेकांना ढकलतायत. पुढून ते भरीव दिसतात, कौतुकही त्याचंच झालं. मागून बघ.

माझं हे उलटून बघणं बैठकीत सगळ्यांना माहीत आहे. खडूस म्हणतात मला. वस्तू हातात आली की ही बाई आधी पाठ बघते, नमस्कारसुद्धा नंतर. म्हणोत. नव्या माणसाला ‘छान’ म्हणायला काही लागत नाही, आणि ते खोटंही नसतं, त्यालाही आनंद होतो. पण तो तीच चूक दहा पाकिटांत करतो आणि अकराव्या वेळी महागडी हत्यारं घेतो. त्याचा दोष कुणाचा? कौतुक करून गप्प बसलेल्यांचा, असं मला वाटतं, आणि त्यात मीही आले. कितीतरी वर्षं मी पुढचीच बाजू राखली आणि पुढच्याच बाजूला दाद दिली. ती वर्षं गेली. म्हणून आता कुणी दुखावलं तरी चालेल, मी उलटून बघणार. जाऊ दे, हे पत्र तुझ्यासाठी आहे, माझी वकिली करायला नाही.

आणि हे फक्त शिवणीपुरतं नाही. कातडं निवडतानाही आधी मागची बाजू बघ. जनावराच्या पोटाकडचा भाग पुढून तितकाच गुळगुळीत दिसतो, मागून मात्र तंतू सुटे, लोंबते आणि भुसभुशीत असतात. तो ताणला जातो, पट्ट्याला चालत नाही. पाठीचा भाग मागूनही घट्ट असतो. कापताना रापी (कातडं कापायची सुरी) कलली की पुढची कड रेघेवर येते आणि मागची बाहेर राहते. मग दोन थर जुळत नाहीत आणि कड कितीही घोटलीस तरी फट दिसते. चिकटवतानाही तेच: खिशाची खरखरीत पाठ दुसऱ्या थराच्या गुळगुळीत बाजूवर बसते, आणि गुळगुळीत बाजू खरवडल्याशिवाय सोल्युशन धरत नाही. 3 मिलिमीटरची पट्टी खरवड, दोन्हीकडे पातळ थर लाव, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांब, मग दाब. ओलं असताना जोडलंस म्हणून तुझा वरचा खिसा सुटला.

आता काय करायचं ते. पाकीट नको, पट्टा तर नकोच. त्याच 1.2 च्या कातड्याच्या दोन पट्ट्या, 200 मिलिमीटर लांब, 30 रुंद. पाठीला पाठ लावून चिकटव. वाळल्यावर दोन्ही थर एकदम काप म्हणजे कड एकसारखी होईल. मग दुभाजक (दोन टोकांचा कंपास) 3 मिलिमीटरवर लावून कडेला समांतर रेघ ओढ, आणि ही गोष्ट कुणी सांगत नाही: मागेही ओढ. भोक मागच्या रेघेवर निघालं की नाही, याला मग वादच उरत नाही. 200 मिलिमीटरमध्ये पन्नास टाके बसतात. दोरा शिवणीच्या चौपट, शिवाय सुयांसाठी थोडा, म्हणजे एक मीटर. शेवटी तीन टाके मागे ये, पॉलिएस्टरचा दोरा असेल तर टोक 2 मिलिमीटर ठेवून ज्योतीच्या नुसत्या धगीने वितळव आणि दाब. कड घोटायची नाही, रंग नाही, तेल नाही. सजवलेली पट्टी मला नको.

अशा पाच पट्ट्या कर. प्रत्येकीवर क्रमांक घाल, मागे. तिसरीला कंटाळशील. चौथी बहुधा सर्वात वाईट होईल, कारण तोवर तू वेग धरलेला असशील. पाचही आण, चौथी लपवू नकोस.

बैठकीत त्या टेबलावर उलट्या मांड आणि ‘कशी झाली’ असं विचारू नकोस, त्याला उत्तर ‘छान’ एवढंच येतं. ‘तिसऱ्या पट्टीत बाराव्या टाक्यानंतर रेघ का सरकली’ असं विचार. मग बघ, तीच मायाळू मंडळी चष्मे चढवून कशी वाकतात ते. लिननवाला आणि पॉलिएस्टरवाला पहिल्यांदा एकाच गोष्टीवर बोलतील.

पाकीट मोडू नकोस. वापर. खिशातून काढताना दर वेळी ते उलटं धर.

तुझी,
खडूस मावशी

ता. क. पाकिटाच्या आतल्या काळ्या-निळ्या ठिपक्यांबद्दल तू विचारलंच नाहीस, पण मी बघितले. ती बुरशी नाही. ओलसर कातडं लोखंडी शिकंज्यात धरलं होतंस. सालीत कमावलेल्या कातड्यातलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळं पडतं. लिंबाचा रस पाण्यात मिसळून बोळ्याने लाव, ठिपके बरेच फिके होतील. आधी रद्दी तुकड्यावर करून बघ, त्यातही मागच्या बाजूला. आणि शिकंज्याच्या जबड्यांना कातड्याचे तुकडे चिकटव.