मूळ पुरुष शोधायचाय? आधी त्याचा मालक शोधा

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो, सून तिथलीच, मेरीलँडची. आमच्या घराण्याचं सगळं ठाऊक आहे, देवळाच्या महाजनांच्या यादीत पणजोबांच्या आधीची नावंसुद्धा मिळतात. आता नातीला शाळेत दोन्हीकडची वंशावळ करायला सांगितलीय. सुनेच्या माहेरी एवढंच सांगतात की त्यांचा मूळ पुरुष १६७० च्या सुमारास इंग्लंडातल्या ब्रिस्टलहून जहाजाने आला, भाड्याला पैसे नव्हते म्हणून काही वर्षं मालकाकडे राबायचा करार करून. मेरीलँडला उतरला की व्हर्जिनियाला तेही नक्की नाही. व्याही म्हणतात नोकर माणसाचं काय सापडणार, सोडून द्या. खरंच काही सापडत नाही का?
— एक आजी, फोंडा

उत्तर : आजी, सोडून देऊ नका हो. त्या काळातल्या अशा माणसांचं बऱ्यापैकी सापडतं, फक्त ते त्यांच्या स्वतःच्या कागदात नसतं, मालकाच्या कागदात असतं. आपल्याकडे जुन्या मुंडकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या भाटात घर करून राहणाऱ्याचा, माग काढायचा तर भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे, दस्तऐवज उघडावे लागतात ना, तसंच. मुंडकार आणि हा करारावरचा नोकर एक नव्हेत हे मात्र लक्षात असू दे, मुंडकार पिढ्यान्‌पिढ्या त्याच भाटात राहायचा, हा माणूस साधारण ४ ते ७ वर्षांनी कायद्याने सुटायचा, पण तोपर्यंत त्याची उरलेली वर्षं मालक दुसऱ्याला विकू शकायचा, त्याला न विचारता. आणि नातीला हेही सांगा की तिच्या आईचा मूळ पुरुष काही अपवाद नव्हता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याआधी त्या वसाहतींत गेलेल्या गोऱ्या लोकांतले निम्मे तरी असेच करारावर गेले, जहाजाचं भाडं ५-६ पौंड, म्हणजे गरीब मजुराची कित्येक महिन्यांची कमाई, ती आणणार कुठून?

पण सुरुवात १६७० पासून करू नका. नातीपासून मागे चला. नात, तिची आई, आईचे वडील, त्यांचे वडील, असं एकेक पाऊल, प्रत्येक पावलाला एक कागद. अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर १० वर्षांनी आहे, १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव मिळतं (गुलामांची सोडून, त्यांची नावं लिहीत नसत), त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं. त्याच्याही मागे मृत्युपत्रं, जमिनीची खरेदीखतं, चर्चची पुस्तकं. लोक काय करतात, जुन्या यादीत तेच आडनाव दिसलं की आनंदाने तिथेच उडी मारतात आणि मधल्या तीन-चार पिढ्या अंदाजाने भरून टाकतात, मग ती चुकीची वंशावळ इंटरनेटवर शंभर ठिकाणी कॉपी होते. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट खातं उघडता येतं, सुनेला त्याच्यावर बसवा, पण दुसऱ्यांनी बनवलेली झाडं बघून नाही तर मूळ कागदांचे फोटो बघून.

आता ब्रिस्टल म्हणालात ते फार बरं झालं, कारण त्या बंदरासारखी यादी दुसरीकडे त्या काळातली नाही. तिथे पोरांना फूस लावून, दारू पाजून, कधी सरळ पळवून जहाजावर चढवायचे प्रकार इतके वाढले की १६५४ मध्ये शहराच्या कारभाऱ्यांनी नियम केला, परदेशी वसाहतीत जाणाऱ्या प्रत्येक नोकराची नोंद झालीच पाहिजे. ती पुस्तकं १६८६ पर्यंत चालली, त्यात १०,००० च्या वर नावं आहेत, बायकासुद्धा भरपूर. नाव, कोणाशी करार, किती वर्षं, कुठे चालला, आणि सुरुवातीच्या वर्षांत तर गाव आणि धंदाही लिहिलेला. त्यातले पुष्कळ बार्बाडोस आणि नेव्हिस बेटांवर गेले, तेव्हा नाव जुळलं म्हणून लगेच हुरळून न जाता ठिकाण बघा. आणि ज्याच्याशी करार झाला त्याचं नाव जपून लिहून ठेवा, पुढचा सगळा शोध बहुतेक त्याच नावावर चालायचाय. अर्थात पुष्कळदा करार जहाजाच्या कप्तानाशी किंवा व्यापाऱ्याशी असायचा आणि तो पलीकडे उतरल्यावर तंबाखूच्या बदल्यात माणूस विकायचा, म्हणजे दोन मालक, कधी तीन.

पलीकडच्या किनाऱ्यावर व्हर्जिनियात १६१८ पासून अशी पद्धत होती की एका माणसाचं भाडं भरून त्याला आणला की आणणाऱ्याला ५० एकर जमीन. दहा माणसं आणली, ५०० एकर. त्या जमिनीच्या सनदेत खाली आणलेल्या माणसांची नावं असायची, आणि त्या सनदा व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवल्यात. म्हणजे बघा, माणूस आला, राबला, आणि त्याच्या नावावर जमीन मिळाली ती दुसऱ्याला! मला या याद्या वाचताना दरवेळी चीड येते, पण त्याच लबाड व्यवस्थेमुळे ती नावं टिकली हेही खरं. सावध मात्र राहा. हे हक्क बाजारात विकले जायचे, सनद माणूस आल्यावर कित्येक वर्षांनी निघायची, एकच नाव दोन-दोन सनदांत घातलेलं सापडतं. त्यामुळे सनदेची तारीख ही त्याच्या येण्याची तारीख नव्हे, आणि सनद ज्याची तोच त्याचा मालक असेल असंही नाही.

मेरीलँडला उतरला असेल तर गंमत जास्त. तिथे सुरुवातीच्या काळात मुदत पुरी केलेल्या नोकराला स्वतःलाच ५० एकरांचा हक्क मिळायचा, ही पद्धत १६८३ मध्ये बंद झाली. तुमचा माणूस १६७० ला आला आणि ५ वर्षांनी सुटला तर तो बरोब्बर या काळात बसतो, आणि मग तो जमीन कचेरीत स्वतः उभा राहून सांगताना सापडू शकतो की मी या प्रांतात माझी सेवा पुरी केली, माझा हक्क द्या. बहुतेकांनी तो हक्क लगेच विकून टाकला कारण जमीन मोजून घ्यायला, झाडं तोडायला, बी-बियाण्याला पैसे कुठले. पण नोंद राहिली ना. मुदत संपली की कपड्यांचा जोड, दोन कुदळी, एक कुऱ्हाड आणि तीन पिंपं मका द्यायचा असा तिथला जुना कायदा होता, आणि मालक ते द्यायला टाळाटाळ करायचे म्हणून नोकर कोर्टात जायचे.

कोर्ट! आजी, खरा खजिना तिथे आहे. काउंटी (म्हणजे जिल्हा) कोर्टाची पुस्तकं वाचायलाच लावा सुनेला, कितीही कंटाळा आला तरी. लेखी कराराशिवाय आलेल्या पोराला मालक कोर्टात उभा करायचा आणि न्यायाधीश नुसतं बघून त्याचं वय ठरवायचे, कारण वयावर मुदत ठरायची. व्हर्जिनियाच्या १६६६ च्या कायद्याने १९ च्या आतला असेल तर तो २४ वर्षांचा होईपर्यंत राबायचा, मोठा असेल तर ५ वर्षं. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाला एका वाक्यात दहा वर्षं. आईबाप समुद्रापलीकडे, वय सांगणारं कोणी नाही. पळून गेला तर मेरीलँडात पळालेल्या एकेका दिवसाला दहा दिवस जादा. नोकर बाईला मूल झालं तर तिची मुदत वाढायची, मालकाच्या खर्चाची भरपाई म्हणून. मारहाणीच्या तक्रारी, उपाशी ठेवल्याच्या तक्रारी, मुदत संपूनही सोडत नाही म्हणून तक्रारी, सगळं त्या पुस्तकांत आहे, आणि क्वचित नोकराचे स्वतःचे शब्दही कारकुनाने उतरवलेत. गरीब माणूस कागदावर येतो तो एक तर मोजला जाताना किंवा शिक्षा होताना, म्हणून तिथेच बघायचं. मेरीलँडच्या अशा पुष्कळ जुन्या कोर्टनोंदी छापील खंडांत आल्यात आणि राज्य पुराभिलेखागाराच्या साइटवर फुकट शोधता येतात, इथे फोंड्यात बसून तुम्हीसुद्धा बघू शकाल.

मालक मुदतीच्या मध्येच मेला तर त्याच्या मालमत्तेची यादी बघा. गाई, खाटा, भांडी, आणि त्यांच्याच ओळीत एक नोकर, तीन वर्षं शिल्लक, किंमत इतके पौंड वजनाचा तंबाखू.

हेही सांगायला पाहिजे की सगळ्यांचं सापडत नाही. पहिल्या एक-दोन वर्षांत मलेरिया आणि हगवणीने पुष्कळ मेले, मुदत पुरी होण्याआधीच. (तुमचा माणूस जगला, नाहीतर नात नसती!) व्हर्जिनियाच्या काही काउंट्यांचं दप्तर जळून गेलंय, सुरक्षित राहावं म्हणून रिचमंडला हलवलेलं होतं आणि १८६५ च्या एप्रिलमध्ये यादवी युद्धाच्या शेवटी तिथेच आग लागली. आणखी, १७५२ पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे फेब्रुवारी १६७२ असं लिहिलेलं असेल तर ते आपल्या हिशोबाने १६७३. स्पेलिंग तर कारकून ऐकेल तसं, एकाच पानावर दोन तऱ्हा.

व्याह्यांच्या मनात कदाचित अशी भीती असेल की हा कैदी निघेल. थोडेफार कैदी आधीपासून पाठवायचे, पण मोठ्या प्रमाणावर ते सुरू झालं १७१८ च्या कायद्यानंतर, तिथून १७७५ पर्यंत सुमारे ५०,००० जण नेले, म्हणजे तुमच्या माणसाच्या बऱ्याच नंतर. आणि असला जरी, तरी रुमाल, कापडाचा तुकडा, चांदीचा चमचा असल्या चोरीला ७ वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा देणारा तो काळ, त्यात लाजायचं काय? लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाचे १६७४ पासूनचे खटले ऑनलाइन आहेत, वाचून बघा कोणाकोणाला नेलं ते.

प्रश्न : आपल्या हिंदुस्थानातून कोणी असं अमेरिकेत नेलं गेलं होतं का, त्या जुन्या काळात? गोव्यातला कोणी?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : हो, नेलं होतं. वर सांगितल्या तशाच एका सनदेत, १६३० च्या दशकात, व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनचा व्यापारी जॉर्ज मेनिफी याने आणलेल्या माणसांत टोनी नावाचा एक ईस्ट इंडियन, म्हणजे त्यांच्या भाषेत हिंदुस्थानाकडचा माणूस, आहे. बस, एवढंच. गाव नाही, बापाचं नाव नाही, तो गोव्याचा की मद्रासचा की बंगालचा हे त्या ओळीवरून कळायला मार्गच नाही. पुढेही अशी माणसं तुरळक दिसत राहतात. ईस्ट इंडिया कंपनीचे साहेब परत जाताना घरगडी म्हणून मुलं बरोबर न्यायचे, त्यातली काही इंग्लंडातून पुढे अमेरिकेत गेली. व्हर्जिनियात १६८२ आणि १७०५ च्या कायद्यांनी मूळ देशात ख्रिस्ती नसलेल्या आणलेल्या नोकराला गुलाम ठरवता येऊ लागलं, त्यामुळे यांच्या करारांना काही अर्थच उरला नाही, आणि काहींना सुटकेसाठी कोर्टात भांडावं लागलं.

वर्तमानपत्रं निघायला लागल्यावर (मेरीलँड गॅझेट १७२७, व्हर्जिनिया गॅझेट १७३६) पळालेल्या नोकरांच्या जाहिराती छापून यायला लागल्या. जुलै १७७६, म्हणजे अमेरिका स्वतंत्र झाल्याचं जाहीर झालं त्याच महिन्यात, व्हर्जिनिया गॅझेटमध्ये एक जाहिरात आहे: जॉन न्यूटन, वय २० च्या आसपास, बांधा सडपातळ, जन्माने आशियातला इंडियन, व्हर्जिनियात येऊन वर्षभर झालं, त्याआधी १० वर्षं इंग्लंडात सर पदवीच्या एका साहेबाच्या चाकरीत. हिशोब करा, नऊ-दहा वर्षांचं पोर असताना त्याला घरापासून नेलं. त्याचं खरं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, पण त्याला पकडायचं होतं म्हणून उंची, बांधा, वय सगळं लिहिलं. शोधताना एक करा, नुसतं इंडियन असेल तर तो बहुतेक वेळा तिथला मूळ रहिवासी असतो, ईस्ट इंडिया किंवा आशियातला असे शब्द जोडलेले असतील तरच पुढे जा.

तुमचा शोध आपल्या माणसांचा असेल तर मात्र अमेरिकेपेक्षा मॉरिशस बघा. १८३४ पासून तिथे उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये (करारावरचे मजूर) गेले, त्यात रत्नागिरी, सावंतवाडीकडची मराठी माणसं पुष्कळ. मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्या नोंदी आहेत, गाव, बापाचं नाव, काहींचे तर फोटोसुद्धा. टोनीच्या एका ओळीपुढे हे केवढं मोठं भाग्य.

प्रश्न : नुसती डीएनए टेस्ट केली तर एवढे कागद चाळायचा त्रास वाचेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही वाचणार. १० पिढ्या मागे गेलं की एका माणसाला १,०२४ पूर्वज होतात, त्यातल्या एकाचा वाटा हजारातला एक, आणि कित्येकांचा तर काहीच उरत नाही. नेहमीच्या टेस्टमधून दूरचे भाऊबंद मिळतात, त्यांच्याकडे एखादं जुनं बायबल किंवा खत निघालं तर फायदा. बापाकडून मुलाकडे जाणारा वाय क्रोमोसोम मात्र पिढ्यान्‌पिढ्या जवळपास तसाच राहतो, म्हणून वरच्या आजींच्या बाबतीत करायचीच असेल तर सुनेची किंवा नातीची नको, सुनेच्या वडिलांची नाहीतर सख्ख्या काकांची करा, तीही मूळ पुरुषाचं आडनाव त्यांच्याकडे बापाकडून सरळ आलेलं असेल तरच. आणि ते वयस्कर असतील तर आधी हे करून घ्या, कागद थांबतील.